अक्रमची पाच उत्तरं

अक्रम शेख माझ्याहून वर्षाने मोठा. आज तो तीस वर्षांचा आहे आणि ढोकीत थोरल्या भावाच्या पंक्चरच्या दुकानात बसतो. गिऱ्हाईक आलं की ट्यूब पाण्यात बुडवतो, बुडबुडे कुठून येताहेत ते बघतो आणि कधीकधी बघतच राहतो. नव्या माणसाला वाटतं, काय मन लावून काम करतोय! मला तिथं उभं राहवत नाही. पण त्याची हकीगत सांगायची तर मीच सांगायला हवी, कारण तिची माती मी केली आहे.

आमच्या शाळेत बलभीम सर खेळ शिकवायचे. पुण्याच्या एका शिबिराहून येताना त्यांनी रग्बीचा चेंडू आणला. गाव त्याला नारळ म्हणायचं. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरचा कंबरेला मिठी मारून पाडतो, आणि पास द्यायचा तो फक्त मागे. एवढेच नियम सरांनी सांगितले. बहुतेक त्यांनाही तेवढेच ठाऊक होते. अक्रमला ते पुरले. त्याचे वडील लालमहंमदचाचा उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. हंगामात शाळा सुटली की अक्रम फडात जायचा आणि उसाच्या मोळ्या खांद्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायचा. असल्या पोराला कोण पाडणार? तिघं लटकले तरी तो चालतच राहायचा. मी किडकिडा, पण पळायला चपळ. तो चार जणांना अंगावर घ्यायचा, पडता पडता चेंडू मागे माझ्याकडे द्यायचा आणि मी मोकळ्या मैदानातून सुसाट सुटायचो. टाळ्या मला मिळायच्या. त्याबद्दल तो कधी अवाक्षर बोलला नाही, आणि मीही नाही.

जिल्हा झाला, राज्य झालं, मग मुंबईचा एक क्लब. पुढे व्यावसायिक लीगमधल्या एका संघाने त्याला करारावर घेतलं. "आमच्या कृष्णराजला बी बघा की, सायेब," असं तो प्रशिक्षकाच्या मागेच लागला, म्हणून मलाही घेतलं. ढोकीच्या चौकात त्याचा फ्लेक्स लागला. छापणाऱ्याने मागे कबड्डीचे खेळाडू टाकले होते, पण त्याच्या आईने, ताहेराबीचाचीने, त्याच्याखाली उभं राहून पेढे वाटले. तीन हंगाम तो पगारी खेळाडू होता. दोनदा खांदा निखळला, एकदा नाक मोडलं. सामना संपला की बर्फाच्या पाण्यात बसून आईला फोन लावायचा, "लई आराम हाय, अम्मा."

तिसऱ्या हंगामातला उपांत्य सामना. भारतीय संघाची निवड समिती समोरच बसली होती. उत्तरार्धात अक्रमने एका दांडग्या खेळाडूला अडवलं आणि त्याचा गुडघा अक्रमच्या कानशिलावर बसला. अक्रम उठला, पण आपल्याच गोलाकडे चालायला लागला. डॉक्टर धावत आला. डोक्याला लागलं की पाच सोपे प्रश्न विचारतात. उत्तर चुकलं की खेळाडू बाहेर. डॉक्टर केरळचा, त्याला मराठी किंवा हिंदी येत नव्हती. अक्रमचं इंग्रजी यथातथाच, त्यात त्या घडीला तेही उडालं होतं. त्याचा दुभाष्या एरवीही मीच असायचो, तेव्हा डॉक्टरने मला बोलावलं.

आपण आत्ता कुठं आहोत, हा पहिला प्रश्न.

"ढोकी," अक्रम म्हणाला. "कारखान्याचं ग्राउंड."

मी डॉक्टरला सांगितलं, मुंबई.

शेवटचे गुण कुणी केले?

"बलभीम सरला इचार की."

मी आमच्या कप्तानाचं नाव सांगितलं. पाचही उत्तरं अशीच मी दिली आणि ती सगळी बरोबर होती. डॉक्टरने अक्रमच्या पाठीवर थाप मारून त्याला मैदानात सोडलं.

त्याला खेळायची हौस होती म्हणून मी हे केलं, असं मनाला पुष्कळ समजावून पाहिलं. साफ खोटं आहे. तो बाहेर गेला असता तर मला चेंडू कुणी दिला नसता, आणि निवड समिती बघत होती. चार मिनिटांनी त्याने दोघांना अंगावर घेतलं, चेंडू माझ्याकडे टाकला आणि तो स्वतः डोक्यावर आपटला. मी पळत होतो. रेषेपलीकडे चेंडू टेकवून, हात उंचावून मागे वळलो, तेव्हा स्ट्रेचर आत येत होतं.

मी भारताकडून दोन दौरे खेळलो. त्या जोरावर खेळाडूंच्या कोट्यातून धाराशिवला सरकारी नोकरीला लागलो. अक्रम गावी परतला. उन्हात त्याचं डोकं ठणकतं, सांगितलेलं तो तासाभरात विसरतो, एकदा तर स्वतःच्याच गल्लीत घर विचारत फिरला. त्याला तो सामना आठवत नाही. 'मुंबई' म्हणालास, सगळी उत्तरं बरोबर दिलीस, असं दवाखान्यात मीच त्याला सांगितलं होतं. पुन्हा पुन्हा सांगितलं, म्हणून तेवढं मात्र पक्कं बसलंय. मी दुकानात गेलो की तो गिऱ्हाइकांना सांगतो, "डोस्क्याला लागलं तरी म्या बरोबर बोललो. ह्यो व्हता की संगं!" लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. लाजेने मान वर होत नाही, तरी चहा घेतो आणि परत येतो.

गेल्या महिन्यात चाचीचा फोन आला. "धाराशिवला मेंदूचा मोठा डाक्टर येतोय म्हणं. तू संगं चल बाबा, आमाला काय कळतंय?"

हा डॉक्टर चांगलं मराठी बोलत होता. दुभाष्याचं काही काम नव्हतं. त्याने विचारलं, "पहिल्या माराच्या वेळी भान होतं का? नीट आठवून सांगा, औषध त्यावर ठरवायचं आहे."

"व्हतं की," अक्रम म्हणाला. "पाची उत्तरं बरोबर दिली. ह्याला इचारा."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"ढोकी म्हणाला होता तो," मी म्हणालो. "पाचही चुकली होती."

अक्रमने थोडा विचार केला. "मग मुंबई कोण म्हणालं?"

"मी."

डॉक्टर लिहायला लागला. चाचीने पदर तोंडाला लावला. ती म्हणाली, "तुला तिथं त्येनंच नेलं व्हतं, न्हाय का?" मी मान डोलावली.

परतीच्या एसटीत अक्रम माझ्या शेजारी बसला, चाची पुढच्या सीटवर. येडशी मागे पडलं तसा त्याचा चेहरा खुलला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "कृष्णराज, ग्राउंडवर डाक्टरनं इचारलं तवा म्या बरोबर सांगितलं व्हतं ना रे?"

चाचीने मान वळवली. हो म्हणणं किती सोपं होतं! तो घरापर्यंत खुशीत गेला असता.

"नाही, अक्रम," मी म्हणालो. "तू ढोकी म्हणालास. मुंबई मी म्हणालो."

त्याने गुडघ्यावरचा हात काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसला. ढोकी येईपर्यंत त्याने हेच आणखी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा हात काढून घेतला.