मिरची बाजारातली हाक

जावयानं लेकीला मारून घराबाहेर काढलं तेव्हा नात तीन वर्षांची होती. धुळ्याच्या कोर्टानं मायलेकींना पोटगी बांधून दिली. जावयानं ती दोन महिने दिली, मग हात आखडला. आम्ही आपले म्हणत राहिलो, देईल. वकील चिडले. "नाना, वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर मागचं बुडतं. कोर्ट आपणहून तुमच्या दारात येत नाही."

अर्ज केला. वॉरंट निघालं. हवालदार म्हणाला, "मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही. दाखवायला कोणीतरी चला." लेक तयार होईना. मी आणि माझी बायको निघालो. नात आजीला सोडेना, म्हणून तीही आली.

जावई दोंडाईच्याच्या मिरची बाजारात हमाली करायचा. ठसका लागतो म्हणून तिथं सगळ्यांनी नाकातोंडावर फडकं बांधलेलं. नुसते डोळे दिसत. मला काही ओळखू येईना. हवालदार म्हणाला, "नाना, पोरगी दिली तेव्हा तरी बघितला होता का जावई?"

तेवढ्यात बायकोनं नातीला कडेवरून खांद्यावर उचललं. पोर ओरडली, "आप्पा!"

त्यानं पाठीवरचं पोतं टाकलं, फडकं ओढलं आणि हात पसरून पोरीकडे आला. हवालदारानं त्याचं मनगट धरलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, माले धराले पोरले लई उनात?" त्याला धरायलाच आम्ही पोरीला घेऊन आलो, असं त्याला वाटलं.

कोर्टात पैसे भरायला नाही म्हणाला. महिनाभर आत गेला. सुटल्यावर त्याचा भाऊ आमच्या दारात येऊन म्हणाला, "जेल भोगी, आते बठ्ठं फिटनं." कसलं सगळं फिटतंय. जेल भोगली तरी थकलेलं अंगावर राहतंच. वकिलांनी पुन्हा वॉरंटाचं नाव काढलं तेव्हा त्यानं मागचं भरलं, आणि दर महिन्याला मनीऑर्डर येऊ लागली. तो स्वतः कधी आला नाही.

त्या पैशावर नात शिकली. बापाचं नाव तिनं एकदाच काढलं. जेवताना म्हणाली, "आजी, मी हाक मारली नसती तर?" बायको म्हणाली, "भाकर खा."

ठसका लागू नये म्हणून बायकोनं पोरीला वर घेतलं, की बाप दिसावा म्हणून, हे मी तिला विचारलं नाही. आता ती नाही. शेवटच्या तापात माझा दंड घट्ट धरून म्हणायची, "उतरवा तिला. खाली उतरवा."

मी म्हणायचो, "उतरवली."

पण दंडावरची पकड काही सैल व्हायची नाही.