तांड्यावर माणसं एकोणीस

हळदीच्या ढिगापाशी दोन घटका हुबं राहा, घरी गेल्यावर बायकू बघताच वळखती कुठून आलास ते! आमच्या तालुक्याच्या हापिसाचं तसंच हाय. तीस वरसं शिपाई व्हतो तितं. किस्से किती बी झटकले तरी अंगावरून निघत न्हाईत.

आज इंजिनेर साहेबाचे सांगतो. त्यात एक पैज हाय, त्याची अन माझी. हारलं कोण ते तुमी बराबर वळखताल. पण हारणाऱ्याला काय किंमत पडली ते वळखा! न्हाई वळखणार. लावता?

*

हिंगोली जिल्हा नवा झाला, त्याच्यानंतरच्या चार-पाच वरसातली गोष्ट. पुण्याचं इंजिनेर पोरगं, निखिल नाव. कम्प्युटरच्या कंपनीत एसीत बसायचं. ते समदं सोडून, सरकारी परीक्षा देऊन, आमच्याकडं नायब तहसीलदार म्हणून आलं. आलं ते यष्टीनं, पाठीवर दप्तर! मला वाटलं औषधं इकणारा हाय.

"साहेब आहेत का?"

"नवे साहेब येऊन राहिलेत. बसा."

माझ्याच स्टुलावर बसवला. दोन डाव त्यालाच चहा आणाया धाडला! बिचारा गेला बी. चार वाजता त्यानं खिशातून वही काढली अन वाचून दाखवली. "अकरा ते बारा, शिपाई गप्पा. एक ते अडीच, शिपाई झोप. किसनमामा, नवे साहेब मीच."

म्या म्हणलं, "साहेब, चहात साखर कमी व्हती."

*

हापिसात एक कम्प्युटर व्हता. दसऱ्याला हार, अन वरसभर पिलास्टिक. चप्पल काढल्याबिगर त्या खोलीत कुणी जायचं न्हाई. साहेबानं पिलास्टिक फेडलं, अन आठ दिवस बसून समद्या गावांची पाण्याची यादी त्यात घातली. नवव्या दिशी लाईट गेली, आली ती भडकून आली. यादी खतम!

साहेब डोकं धरून बसला. आमचे अव्वल कारकून गंगाधरराव हळूच आत आले. बगलंत रजिस्टर. त्यात तीच यादी, हातानं लिवलेली.

"साहेब, हे लाईट गेल्यावर बी दिसतं. खिडकी उघडली म्हंजे झालं!"

तवापासून साहेब आधी रजिस्टरात लिवायचा, मंग कम्प्युटरात.

*

आता पैजेची गोष्ट. माळावर लमाणांचा एक तांडा हाय. बाया दोन कोसावरून घागरी वाहायच्या. त्या साली हुकूम असा व्हता की, शंभर माणसं असतील त्याच वस्तीला बोअर. अन यादी होळीच्या आधी बंद.

जानेवारीत जीपनं गेलो. साहेबानं घर घर फिरून मोजलं. माणसं एकोणीस! समदी म्हातारी. शेळ्या त्याच्याहून जास्त. साहेबानं लिवलं, एकोणीस. खाली सही ठोकली.

दगडावर एक म्हातारी बसली व्हती. समदा तांडा तिला याडी म्हणतो. याडी म्हंजे त्यांच्या बोलीत आय.

"काय लिवलंस, लेकरा?"

"एकोणीस, आजी."

"अन ऊस तोडाया गेलेली काय मेली? दिवाळी झाली की जातेत, पाडव्याला येतेत. तू तर समदा तांडाच मारून टाकलास की!"

साहेबाचं तोंड असं झालं, जसं कंपनीतून आत्ताच काढलंय! जीपमधी बसल्यावर मला म्हणतो, "मामा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं काहून न्हाई?"

खोटं कशाला बोलू, मला बघायचं व्हतं इंजिनेर किती हुशार हाय ते. साहेबानं वही मिटून खिशात घातली. मंग म्हणला, "त्या तांड्याला मी पाणी आणणार."

मला हासू आवरंना. "आणलंत, तर म्या याडीचा घागरा घालीन, डोक्यावर भरली घागर घिऊन तांड्यावर नाचन!"

दुसऱ्या दिशी त्यानं एक कागद पुढं केला. "मामा, सही." केली. तेवढीच तर लिवता येती मला! अन हापिसात कागद वाचून सही करतंय कोण?

*

त्याच आठवड्यात साहेबाच्या आयचा पुण्याहून फोन. म्या उचलला.

"निखिल आहे का हो? मीटिंगमध्ये आहे का?"

"न्हाई माय. साहेब उसाच्या फडाकडं निघालेत. म्या बी चाललो."

साहेबाला मंग आयची घंटाभर समजूत घालावी लागली. ती इचारत व्हती म्हणं, "खरं सांग बाळा, नोकरी लागलीच नाही का रे तुला?"

*

गेलो. यष्टी बदलत बदलत पार साखर कारखान्याच्या मुलखात. फडात पाऊल टाकलं, अन समदा तांडा उसात गडप! मुकादम कोयता घिऊन आडवा. त्याला वाटलं, दुसऱ्या टोळीवाले माणसं पळवाया आले. साहेब आपलं वळखपत्र दावून राहिला, वाचतंय कोण?

म्या वरडलो, "आरं, याडीनं धाडलंय! पाण्यासाठी मोजून राहिलेत!"

पाणी म्हणल्याबराबर उसातून डोकी निघाली. एक, दोन, धा, पन्नास! साहेब बांधावर बसून नावं लिवाया लागला. एक बाई नवऱ्याकडं बोट करून म्हणती, "साहेब, ह्याला नका लिवू. ह्यो पाणी पीतच न्हाई!"

त्याला बी लिवला. फडात एकशे बासष्ट, तांड्यावर एकोणीस.

*

हिंगोलीला मोठ्या साहेबांपुढं, म्हंजे कलेक्टरापुढं मीटिंग. म्या चहाचा ट्रे घिऊन दारात.

मोठे साहेब म्हणले, "जी माणसं गावात हजरच नाहीत, ती मोजायची कशी?"

निखिल साहेब हुबा राहिला. "सर, आत्ता आपणही घरी नाही. रेशन कार्डावरचं आपलं नाव कमी करू का?"

माझ्या हातातला एक कप गेला! मोठ्या साहेबांनी आधी कपाकडं बघितलं, मंग निखिल साहेबाकडं, अन हासले. सही झाली.

*

पाडव्याला तांडा परत आला, अन त्याच आठवड्यात बोअरला पाणी लागलं. हातपंप बसला. मोठे साहेब बी आले. पहिली घागर याडीनं भरली. समदे टाळ्या वाजवून राहिले, अन म्या गुमान जीपच्या मागं सरकलो.

"किसनमामा! पैज?"

"कसली पैज? म्या काय बी बोललो न्हाई!"

साहेबानं खिशातून कागद काढला, गंगाधररावांच्या हातात दिला. ते खाकरले, अन मोठ्यानं वाचाया लागले. "मी, किसन, शिपाई, पूर्ण शुद्धीत लिहून देतो की, सदर तांड्यास पाणी आल्यास..." खाली माझी सही. जावक नंबर, गोल शिक्का, समदं बराबर!

याडीनं घागरा आदल्या दिशीच धुऊन वाळवला व्हता. दोघी-तिघींनी मला धरून त्यात कोंबला. वर आरशाची वढणी, वढणीखाली माझ्या पांढऱ्या मिशा! नगारा वाजाया लागला. मोठे साहेब खुर्ची पुढं वढून बसले. नाचलो. घागर निम्मी अंगावर सांडली, तरी नाचलो!

त्याला आता लई वरसं झाली. निखिल साहेबाची बदली झाली, म्या रिटायर झालो, याडी बी गेली. हातपंप हाय.

परवा शिरड शहापूरला जायाला यष्टीत चढलो. गच्च गर्दी. कंडक्टर निघाला तांड्याचाच. त्यानं बायांच्या सीटवर बसलेला एक बाप्या उठवला, अन समद्या यष्टीला ऐकू जाईल असं म्हणला,

"बसा की, याडी!"