चाळीस चिंचोके

ती मांजरीचे पाय मोजायची. मांजर गडग्यावरून उडी मारून आत आली, की हातातलं सगळं टाकून ही तिच्यापुढं बसायची, एकेका पायावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "एक, दोन, तीन, चार. हाय." मग दोघी आपापल्या उद्योगाला मोकळ्या. मांजर दिवसातनं दहा वेळा बाहेर गेली, तर दहा वेळा ही तपासणी. मांजरीनं कधी कुरकुर केलेली मी पाहिली नाही. माझ्या वर्गातली पोरं हजेरीला इतकी गप बसली असती, तर माझा घसा अजून शाबूत असता.

मांजरीचं नाव विचारलं तरी ती "चार" असंच सांगायची. तिची आई, म्हणजे आमच्या घरमालकीण वहिनी, मांजरीला मनी म्हणत. पण मनी म्हटल्यावर ना मांजर वळायची, ना मुलगी. राखी रंगाची, एक कान फाटलेली, उचलायला गेलं की बोचकारणारी अशी ती मांजर होती. हिनं मात्र तिला खांद्यावर टाकावं, उशाला घ्यावं, काहीही करावं, मांजर ओल्या फडक्यासारखी सैल पडायची.

तुमच्याही ओळखीत असं एखादं मूल असेल. हाक मारली तर वळत नाही, नजरेला नजर देत नाही, आपलाच प्रश्न आपल्याला परत ऐकवतं. आता डॉक्टर अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. मी सांगते तो काळ मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतला. परंड्यात तेव्हा अशा पोरीला लोक येडी म्हणत, आणि फारच माया आली तर देवाची. तिचं वय तेव्हा नऊ असेल. शाळेत तिला कुणी घेतलं नव्हतं.

मी सोलापूरकडून तिथल्या शाळेत मास्तरीण म्हणून आले. एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार होईना. तात्यांनी दिली. तात्या म्हणजे त्या मुलीचे वडील, तहसिलात कारकून. निजामाच्या अमलात पंधरा वर्षं उर्दूत दफ्तर लिहिलेलं, आणि आता मराठीत लिहायची वेळ आलेली. अक्षर मोत्यासारखं, पण शब्दावरची रेघ उजवीकडून डावीकडं ओढायचे. मी हसले की म्हणायचे, "बाई, तोंड नव्या सरकारचं हाय, हात जुन्याचा." माणूस भला होता. आजही मी भलाच म्हणते, म्हणून तर पुढचं सांगायला जड जातं.

घरात भांडं पडलं किंवा दारावरून वाजंत्री गेली, की ती मुलगी कानांवर हात दाबून भुईवर मुटकुळं करून पडायची. कुणी जवळ गेलं तर स्वतःचं मनगट चावायची. तिथं कायमचा वळ होता. अशा वेळी मांजर जिथं असेल तिथनं यायची, तिच्या पोटाशी शिरायची आणि घुरघुर लावायची. हळूहळू मुलगीही त्याच सुरात घुरघुरायला लागायची. थोड्या वेळानं दोघी उठून बसायच्या, काही झालंच नव्हतं अशा. वहिनी एकदा म्हणाल्या, "नऊ महिने म्या वागवलं, आन् ऐकती ती मांजराचं." हसतच म्हणाल्या, पण पदर डोळ्यांना लावला.

माझ्याशी तिची सलगी जमली ती चिंचोक्यांमुळं. पोरींना अंक शिकवायला मी चिंचोके धुऊन, वाळवून ठेवायची आणि सोप्यात बसून त्यांच्या दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधायची. एके दिवशी ती शेजारी येऊन बसली आणि न बोलता दहाचे ढीग लावू लागली. दुसऱ्या दिवशी परत आली. माझ्या चौथीतल्या पोरी बेरजेत चुकत, ती मोजण्यात कधी चुकली नाही. तीन-चार महिने असेच गेले. मग एका दुपारी तिनं मांजर उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मांजरीनं मला बोचकारलं नाही. पुढं आयुष्यात मला दोन-तीन मानाच्या शाली मिळाल्या, पण त्या दुपारइतकं काही बरं वाटलेलं आठवत नाही.

वहिनींना दिवस गेले आणि आठवा लागला, तशी घरातली बोलणी बदलली. आधीची दोन मुलं त्यांची पाळण्यातच गेली होती. शेजारणी येऊन सांगत, मांजर बाळाच्या छातीवर बसते, श्वास ओढून घेते. आणि आमची मुलगी बाळाशेजारी मांजर निजवणार, हे तर सगळ्यांनाच दिसत होतं. मी वहिनींची समजूत घालायला गेले. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचं शिकलेलं तुमच्यापाशी ठेवा. म्या दोन पुरलेत." 

तात्यांनी दोनदा मांजर न्यायला हात घातला. दोन्ही वेळा मुलीनं रक्त येईपर्यंत मनगट चावलं. मग ते माझ्याकडं आले.

"बाई, तुमच्या हातात देती ती. बेंबळीला माझी बहीण हाय. तिथं ठेवू चाळीस दिवस. बाळंतीण उठली की मी सोता जाऊन घेऊन येतो."

"नक्की ना, तात्या?"

"मुकर्रर. जबान दिली तुम्हाला."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर हे काम माझ्यावाचून होणार नाही, याचा मला थोडा ताठाही आला. मी मुलीला सोप्यात बसवलं आणि एका वाडग्यात चाळीस चिंचोके घातले. म्हटलं, "चार बेंबळीला चालली. रोज सकाळी यातला एक काढायचा. वाडगा रिकामा झाला की चार परत येणार." असल्या गोष्टी समजायला तिला वेळ लागत नसे. तिनं चाळीस मोजले, पुन्हा मोजले. मग मांजर उचलून माझ्या हातात दिली. मनगट चावलं नाही. मी मांजर डालग्यात घातली, तात्यांनी वरून सुतळी बांधली आणि ते एसटी स्टँडकडं गेले. दुपारच्या जेवणाला ते परत आलेसुद्धा. परंड्याहून बेंबळीला जाऊन इतक्या लवकर परत येता येत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण मी खुशीत होते, मुलीला गूळ-शेंगदाणे देत होते.

दोन दिवसांनी वहिनींना मुलगा झाला. मुलगी रोज सकाळी तोंड धुतलं की वाडग्यातून एक चिंचोका काढायची आणि खिडकीतून परसात टाकायची. उरलेले मोजायची. दिवसभर मग तिला वाडग्याची आठवण नसायची. शेजारणींनाही आश्चर्य वाटलं, पोरगी मांजराविना इतकी शांत कशी. मी म्हणायची, नीट सांगितलं की समजतं तिला.

बाराव्या दिवशी बारसं. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं, त्यामुळं बेंबळीहून आत्या आली. तात्यांनी बाकी सगळा विचार केला होता, एवढाच राहिला होता. मी आत्याला विचारलं, "मांजर रमली का तुमच्याकडं?"

"कंची मांजर?" आत्या म्हणाली. "आमच्या दारात दोन कुत्री हायत, मास्तरीणबाई. मांजर टिकंल व्हय तिथं?"

पाळण्याभोवती बायकांचं गाणं चाललं होतं. तात्या घुगऱ्या वाटत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं, आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं.

परसात गेल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी ते कुर्डुवाडीच्या गाडीत बसले होते. सीना नदी ओलांडल्यावर उतरले, डालगं तीनदा गरागरा फिरवलं आणि मांजर सोडून दिली.

"पाण्यापलीकडं सोडलेली मांजर माघारी येत न्हाय," ते म्हणाले. "मारली असती तर सोन्याची मांजर करून काशीला द्यावी लागती. ते पाप म्या केलं न्हाय, बाई."

"मग मला खोटं का सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं, तर तिच्या हातून घेतली असती का तुम्ही?"

"नसती."

"मग."

 सीनेपलीकडं पूर्वी इंग्रजाचा मुलूख होता. मोगलाईतला, म्हणजे निजामाच्या राज्यातला, गुन्हेगार नदी ओलांडून सुटायचा, असं जुने लोक सांगत. गुन्हा नसताना हद्दपार झालेली ही मांजर पहिलीच असावी. तात्यांनी मला फसवलं याचा राग होताच. पण त्यांनी माझे हात वापरले, याची चीड त्याहून जास्त होती. ती पोर जगात एकाच माणसाच्या हातात मांजर देत होती, आणि नेमका तोच हात त्यांनी निवडला.

इथवर दोष तात्यांचा. यापुढचा माझा.

बारशाच्या दिवशी वाडग्यात सव्वीस चिंचोके होते. मी त्याच संध्याकाळी मुलीपुढं बसून खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं तर ती मला परत जवळ करणार नाही, ही भीती होती. रविवारी मी कुर्डुवाडीच्या गाडीनं सीनेवर गेले. नदीच्या वाळूत कलिंगडांचे वेल होते. तिथल्या लोकांना फाटक्या कानाची राखी मांजर विचारत फिरले. एक म्हातारा म्हणाला, "मांजर काय पत्ता देऊन जाती व्हय, बाई?" पुढच्या रविवारी पुन्हा गेले. दोन्ही वेळा रिकामी आले. मुलगी रोज सकाळी चिंचोका काढत होती आणि मी माझ्या खोलीत बसून तिचं मोजणं ऐकत होते.

पाच उरले तेव्हा माझा धीर सुटला. ती आंघोळीला गेली होती तेवढ्यात मी वाडग्यात दहा चिंचोके टाकले. दहा दिवसांत मांजर सापडेल, नाहीतर मला निदान काही सुचेल. मास्तरीण मी, आणि जी पोर मोजण्यात चुकत नाही तिला मोजण्यात फसवायला निघाले. अक्कल गहाण टाकायची वेळ माणसावर येते ती अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वाडगा भुईवर ओतला. पंधरा निघाले. तिनं परत मोजले. मग पाच स्वतःकडं ओढले, बाकीचे दहा ओंजळीत घेऊन माझ्या खोलीशी आली आणि उंबऱ्यावर एका ओळीत मांडले. "हे न्हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. चुकलेलं गणित मी पोरींना परत करते, तसं तिनं मला माझं परत केलं. मग जाऊन पाचातला एक काढला.

शेवटचा चिंचोका टाकला त्या दिवशी ती सकाळपासून दारात बसली. जेवली नाही. स्टँडकडून गाडीचा आवाज आला की उठून उभी राहायची, आवाज थांबला की बसायची. मी शाळेत गेलेच नाही. दुपारी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "चार येणार नाही. मी तुला चुकीचं सांगितलं."

"चार येणार न्हाय," ती म्हणाली. तिच्या सवयीप्रमाणं माझंच वाक्य परत केलं, की तिला ते कळलं, मला समजलं नाही. मी म्हटलं, "माझं चुकलं." ते मात्र तिनं परत म्हटलं नाही. उठून आत गेली. आकांत करील म्हणून मी धास्तावले होते. केला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती माझ्याजवळ सोप्यात आली नाही. मी चिंचोके पसरून बसायची, ती पलीकडच्या भिंतीला धरून जायची. भांडं पडलं की अजूनही कानांवर हात दाबून पडायची, पण आता घुरघुर नसे. तासतासभर एकटी पडून राहायची आणि आम्ही मोठी माणसं दारात उभी राहून बघत असू. वहिनी एकदा माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आमचं चुकलंच वो, बाई." मी त्यांना दोष दिला नाही. ज्या बाईनं दोन पुरले होते, तिला मी कोण शिकवणार?

वहिनींना भीती होती तसं काहीच झालं नाही. बाळ रडलं की सगळ्यांच्या आधी तीच पोचायची. पाळण्याच्या दोरीवर तिचा हात कधी थकला नाही. वर्षभरात बाळ तिच्या कडेवरून उतरेनासं झालं. वहिनी निर्धास्तपणे बाळ तिच्याकडं देऊन रानात जात. मी लांबून बघायची आणि माझा जीव थोडा हलका व्हायचा.

मग तात्यांची कळंबला बदली झाली. निरोप द्यायला मी स्टँडवर गेले. गाडी लागली होती. तात्या टपावर ट्रंक चढवत होते. वहिनी आधी चढून आत जागा धरत होत्या. मुलगी बाळाला कडेवर घेऊन पायरीशी उभी होती. पायरी उंच, मागून माणसांची रेटारेटी. ती पडेल म्हणून मी पुढं झाले आणि बाळाला घ्यायला दोन्ही हात केले.

"दे की गं बाईंकडं," वहिनी खिडकीतून म्हणाल्या. "आन् चढ तू."

"न्हाय," ती म्हणाली. "बाईकडं दिलं की परत येत न्हाय."

तिच्या तोंडून इतकं लांब वाक्य मी कधीच ऐकलं नव्हतं. वहिनी ओशाळून हसल्या, "मनावर घेऊ नका, बाई." तात्या वरून सगळं ऐकत होते, पण ट्रंकेची दोरी आवळत राहिले. तिनं बाळ माझ्यापासून लांबच्या कडेवर घेतलं, मोकळ्या हातानं दांडा धरला आणि एकेक पायरी चढून आत गेली. माझे हात तसेच पुढं होते. मागचा माणूस म्हणाला, "बाई, चढायचं नसंल तर बाजूला व्हा," तेव्हा मी ते खाली घेतले.