टाकीतली जाळी

गाडी, नळ, यातलं काहीच नव्हतं तेव्हा आम्ही ओढ्याचं पाणी प्यायचो, आणि आई ते जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची. मग मी शिकले. घरातली पहिली पदवीधर मीच. नोकरी लागल्यावर एक जुनी डिझेल गाडी घेतली. पेट्रोल पंप लांब आहे, म्हणून डिझेल कॅनमध्ये आणून ठेवतो आणि लागेल तसं ओततो.

एकदा दवाखान्यात जाताना घाटाच्या चढावर गाडीचा जोर गेला आणि ती बंद पडली. मागे ट्रक होता. शेजारी दादा, म्हणजे माझे वडील, दम लागून तोंड उघडं टाकून बसले होते. थोडं थांबल्यावर ती चालू झाली. दोनच दिवसांनी त्यांना पुन्हा दवाखान्यात न्यायचं होतं.

घरी येऊन मागची सीट काढली, टाकीचं झाकण उघडलं. इंजिनाकडे डिझेल नेणारी नळी बाहेर ओढली, तर टोकाची जाळी सुती धाग्यांनी गच्च भरलेली.

"आई, डिझेल गाळतेस तू?"

"मग? तसंच ओतू तिच्या पोटात?"

ओट्यावरून दादा म्हणाले, "गाडीची बडदास्त बघ. मला मात्र तुझी आई चहासुद्धा चोथ्यासकट देते."

मी हसले, पण भीती वाढलीच. आपण ज्याला जपतो त्याचा श्वास आपल्याच मायेनं अडत असेल, तर ते कळायचं कसं? दादांच्या बाबतीत मीही असं काही करत असेन का?

जाळी स्वच्छ डिझेलमध्ये धुतली, उजेडाकडे धरली, पुन्हा धुतली.

ठरल्या दिवशी आम्ही घाट चढलो. गाडी कुठंही थांबली नाही, आणि दादा वेळेत दवाखान्यात पोचले.