मोरपिसांचा टोप

नंदुरबारच्या तंबूत सिनेमा लागला होता. काढणाऱ्याने सातपुडा नकाशातसुद्धा पाहिला नसावा. त्यातला भिल्ल लुटारू मोरपिसांचा टोप घालून खाटेवर लोळत होता आणि सारा तंबू खदाखदा हसत होता.

माझ्या पुढे सातपुड्यातल्या काठी गावाकडचा एक भिल्ल म्हातारा बसला होता. गुडघ्यांवरच्या मुठी आवळत तो एकदम उठला.

“हाऊ होळीना नवसना टोप शे! नवस करेल माणूस खाटवर आंग बी टाकत नही!”

त्याची सावली पडद्यावर पडली. मागून कुणीतरी शेंगांची टरफलं फेकली, तरी तो हलला नाही. मग एकजण जे ओरडला, त्याने आजही माझं डोकं फिरतं.

“अरे, याले बाहेर काढा! पडदावरना भील दिखत नही!”