मारिनस मेजाशी बसत नाही

मारिनस पाववाला सगळ्यांना आवडायचा, एक देव सोडून. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं ठाम मत होतं. हॉलंडमधल्या झीलंड प्रांतातल्या त्याच्या गावात प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये खातात तो पाव तोच भाजायचा. वर्षातून चारदा, भोजनाच्या आदल्या शनिवारी कडा कापून, लांब पट्ट्या करून चर्चमध्ये पोचवायचा आणि रविवारी गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसायचा. पुढं पांढरी चादर घातलेलं लांबलचक मेज. चर्च माणसांनी गच्च, पण मेजाशी बसणारी टाळकी मोजकीच. देवानं आपली माणसं जगाच्या आधीच निवडून ठेवलीत, आणि आपली निवड झाल्याची खूण मनाला पटल्याशिवाय त्या पावाला हात लावणं म्हणजे आगीशी खेळ, हे तिथं पोराटोरांनाही पाठ. मारिनस खुणेची वाट बघता बघता म्हातारा झाला.

त्याची बायको यान्ना मात्र लग्नाआधीपासून मेजाशी बसायची, आणि घरी आली की त्याला सोलून काढायची.

"त्या दारुड्या लेनवर देवाचं प्रेम आहे?"

"असणारच. बिचारा."

"आणि माझ्यावर?"

"तुझ्यावर तर आहेच गं."

"म्हणजे तुझ्यापाशी येऊनच संपतं होय? केवढा रे मोठा पापी तू! देवालासुद्धा पुरून उरलास!"

मारिनसचे कान लाल व्हायचे. तो पीठ मळत राहायचा.

या वसंतात यान्नाचं हृदय थकलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि हे भोजन आपलं शेवटचं, हे तिला ठाऊक होतं. एकदा तरी नवरा शेजारी बसावा, एवढंच तिला हवं होतं.

"मला मेजापर्यंत ने," ती म्हणाली.

"नेतो. पण लगेच मागं फिरणार हं."

रविवारी त्यानं तिला धरून नेलं, खुर्चीत बसवलं आणि हात सोडवायला गेला, तर बाई सोडेचना! अख्ख्या चर्चच्या माना वळल्या. शेजारी इझाक बसला होता. शेताच्या हद्दीवरून त्याचं निम्म्या गावाशी वाकडं. त्यानं मारिनससाठी एक खुर्ची मागं ओढली.

"यान्ना, सोड. मी लायक नाही गं," मारिनस पुटपुटला.

"आणि इथं बसलेत ते लायक आहेत होय? इझाककडं बघ जरा."

इझाकला ते ऐकू गेलं. "खरंय," तो म्हणाला.

मारिनस बसला. ताट समोर आलं, पण तो त्याला हात लावेना, तेव्हा तुकडा यान्नानंच उचलून त्याच्या तळहातावर ठेवला.

"खा," ती हळूच म्हणाली. "मला पुढं एकटीला जायचंय. तू मागनं येशील, एवढं तरी कळू दे."

मारिनसनं तो खाल्ला.