आग्नेसअक्काची परात

वर्षातून एकदा आग्नेसअक्का माझे पाय धुवायची. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी, दिवेलागणीला. निळ्या काठाची पांढरी एनॅमलची परात कमरेवर घेऊन आमच्या ओट्यावर यायची आणि म्हणायची, "बस गे सुमन. यंदा पण तुझाच नंबर."

येशूने शेवटच्या जेवणाआधी आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून त्या दिवशी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. अक्काने त्याला स्वतःचा एक नियम जोडला होता. वर्षभरात ज्याच्याशी सगळ्यात जास्त भांडण झालं, त्याचे पाय धुवायचे. तिचा नवरा रेल्वेत होता, तो कधीच गेलेला. मूलबाळ नाही. भांडायला मीच होते. तीस वर्षं दुसऱ्या कुणाचा नंबर लागला नाही.

ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मोठ्या बाईने आपल्या पायाला हात लावायचा, हे मला आवडत नसे. शिवाय माझ्या टाचांना भेगा. म्हणून मी आधीच साबणाने पाय घासून ठेवायची. ते तिला कळायचं.

"धुतलेलेच पाय धुवायला लावतीस की गे मला!"

"मग नको धुवूस."

"गप बस. पाणी गार लागतंय काय?"

पाणी कधीच गार नसायचं. ती कोपर बुडवून बघायची, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला बघतात तसं. "गार पाण्याने माफी मागत नाहीत," म्हणायची.

अक्का खानापूरकडची, मी निपाणीची. दोघी लग्न होऊन येलहंकाला आलो. तेव्हा इथे बंगळूर नव्हतं, नुसतं येलहंका होतं. गल्लीत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे एकमेकींवाचून चालायचं नाही आणि पटायचंही नाही. ती दिसायला काळी, बुटकी, आवाज मात्र पोलिसासारखा. शाळेच्या पोरांचे गणवेश शिवायची. तोंडात टाचण्या धरूनसुद्धा भांडू शकायची.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एका बुधवारी ती कपाळाला राख लावून यायची. तिथून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस उपास. मासे-मटण बंद असायचंच, वर आणखी एक आवडीची गोष्ट सोडायची. "सोडताना दुखलं पाहिजे. कारलं सोडून काय उपयोग?" एका वर्षी तिने माझ्या घरचा चहा सोडला. चाळीस दिवस मी एकटीने चहा प्यायले. तिचा उपास आणि त्रास मला.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी तिला नारळाची कोवळी झावळी लागायची. आमच्या अंगणातल्या नारळाची. त्या पात्या विणून ती छोटे क्रॉस करायची, गल्लीतल्या तिच्या लोकांना वाटायची आणि एक आमच्या दाराच्या जाळीत खोचून जायची. मी तो वर्षभर काढत नसे. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवाराआधी ती सगळे वाळलेले क्रॉस गोळा करून चर्चमध्ये द्यायची. तेच जाळून कपाळाची राख करतात. "तुमच्या गणपतीची माती परत पाण्यात जाते, तसंच की हे," म्हणायची. एकदा मी तो क्रॉस बंब पेटवायला घातला. घाईत होते, हाताला तोच लागला. मला वाटलं, आता ही ओरडणार. तिने बंबाखालची चिमूटभर राख घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाली, "राख ती राख. फादरचं स्वल्प काम वाचलं."

तेच नारळाचं झाड मी तोडलं.

मुलगा आणि सून सर्जापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतात. सुट्टीला गाडी घेऊन येतात. गाडीच्या काचेवर नारळ पडला, काच गेली. सून मृणाल एवढंच म्हणाली, "आई, कुणाच्या डोक्यात पडला असता तर?" दुसऱ्याच दिवशी मी माणूस बोलावला. अक्काचे चाळीस दिवस नुकतेच सुरू झाले होते. ती सकाळी चर्चला गेलेली. तोडणाऱ्याने खोडावरून हात फिरवला आणि कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, ही एकच बाजू एवढी गुळगुळीत कशाने झाली?" मी म्हटलं, तुला काय करायचंय, तू तोड.

ती परत आली तेव्हा पायरीलगत बुंधा तेवढा उरला होता. आमचं अंगण तिच्यापेक्षा दोन उंच दगडी पायऱ्या वर आहे. ती खालीच उभी राहिली.

"मला विचारलं पण नाहीस?"

"झाड माझं आहे."

"आणि माझ्या झावळ्या?"

"देव तुझा आहे. त्याला बाजारातून आण."

हे मी बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले. एरवी ती दहा वाक्यं ऐकवायची. त्या दिवशी घरात गेली आणि दार लावून घेतलं.

महिनाभर ती वर आली नाही. झावळ्यांच्या रविवारी सगळ्या गल्लीला क्रॉस मिळाले, माझी जाळी रिकामी. मनात म्हटलं, रागव. मी काही खाली उतरणार नाही. तरी गुरुवारी मी पाय घासले. ओट्यावर स्टूल मांडलं आणि बसले. येते का नाही, एवढंच बघायचं होतं. मनातून मात्र भीती वाटत होती. तीस वर्षांत चुकलं नव्हतं ते आज चुकलं, तर पुढे पण चुकणार.

दिवे लागले. ती आली नाही. शेवटी मी उठून कडेला गेले आणि खाली बघितलं.

आग्नेसअक्का माझ्या पायरीच्या तळाशी बसली होती. शेजारी परात, पाण्याने भरलेली.

"इथे काय करतीस?"

"बसलेय."

"वर का आली नाहीस?"

ती चिडली. "कशाला धरून येऊ? एका हातात परात, दुसऱ्या हातानं तुझं झाड धरून चढत होते मी इतकी वर्षं. गुडघे गेलेत माझे. आता काय धरू, तुझा हट्ट?"

तेव्हा मला ती गुळगुळीत बाजू समजली.

मी खाली उतरले, बसत बसत. परात ओढली. "पाय दे."

"हे उलटं झालं."

"उलटं काय? नियम तुझाच. भांडले मी, मी धुणार."

तिचे पाय सुजले होते, घोटा दिसत नव्हता. तीस वर्षांत मी ते कधी नीट बघितले नव्हते. तिने दुसरा पायही परातीत ठेवला. मग म्हणाली, "नखं पण वाढलीत. वाकता येत नाही. कात्री आण."

"साकु, पुरे आता, लाडात येऊ नकोस," मी म्हटलं आणि कात्री आणायला गेले.

मुलगा रात्री सुट्टीला आला. शुक्रवारी सकाळीच पायरीजवळ लोखंडी नळी बसवायला ड्रिल घेऊन निघाला, तर अक्का खालून ओरडली, "आज नको बाबा! आज खिळा ठोकायचा नाही, भोक पाडायचं नाही. त्याला आज ठोकलंय." तिच्या घरी त्या दिवशी नुसती पेज आणि मीठ. नळी शनिवारी बसली. रविवारी ईस्टरला ती त्या नळीला धरून वर आली, कांद्याच्या सालीत उकडून लाल केलेली अंडी पदरात घेऊन. मला दोन दिली. जाळीत क्रॉसही खोचला. "बाजारातल्या झावळीचा आहे. तुझ्या झाडाची सर नाही," म्हणाली.

नाताळच्या आधी ती गेली. चार दिवस ताप, मग संपलं. भाचीने घर रिकामं करताना विचारलं, काही हवंय का? मी परात मागितली.

राखेच्या बुधवाराआधी माझा क्रॉस न्यायला कुणी आलं नाही. मीच रिक्षा करून चर्चला गेले आणि देऊन आले.

यंदाच्या गुरुवारी मुलगा-सून आले. वर्षभरात माझं सगळ्यात जास्त मृणालशी वाजलं होतं. भांडी, देवपूजा, फोन, सगळ्यावरून. बऱ्याचदा चूक माझी होती. ती ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. मी परात तिच्यापुढे ठेवली आणि खाली बसले.

"अहो आई, हे काय करताय?"

"ते बंद कर. पाय दे. यंदा तुझा नंबर आहे."

अक्काची गोष्ट तिला माहीत होती. तिने लॅपटॉप मिटला. हळूच पाय पुढे केला आणि पाण्यात बुडवल्यावर म्हणाली, "कोमट आहे."

"असणारच," मी म्हटलं. "गार पाण्याने माफी मागत नाहीत."